वाकड्या अंगठ्याचे कप

हाडांच्या डॉक्टरकडे मी गुडघा घेऊन बसले होते. शेजारी मातीचे कप बनवणारी बाई अन् तिची नणंद. कान मी मुद्दाम दिला नाही, पण बंदही केला नाही.

“वहिनी, समोरच्या दुकानात हुबेहूब तुझेच कप आलेत. अंगठा टेकायचा खळगासुद्धा तसाच.”

“वन्सं, तो खळगा माझ्या वाकड्या अंगठ्याने पडतो. त्यांनी साचा केलाय.”

“मग तूही साचा कर.”

“काल गिऱ्हाईक मलाच म्हणालं, तुम्ही त्यांची नक्कल करता.”

“म्हणून सांगते, त्यांची निळी फुलं खपतात, तीच काढ.”

“काढली चार कपांवर. चहा प्यायले, तर दुसऱ्याच्या घरी बसल्यासारखं वाटलं.”

“नखरे तुझे. आज अंगठा सरळ झाला की खळगाही गेला. मग काय विकशील?”

“सकाळपासून तेच डोक्यात आहे. थकले हो मी.”

तिचा नंबर आला. दोघी आत गेल्या, दार अर्धंच लागलं.

“डॉक्टर, ठणका तेवढा थांबवा. वाकडेपणा राहू द्या.”

“तो जायचाही नाही, डॉक्टर. वीस वर्षं हिला बघतेय मी.”