सातवा टॅकल

रेफरीला शिव्या खायची सवय असते, यार. पण मला कायमचं लागलेलं वाक्य एका मुलीने अगदी अदबीने ऐकवलंय.

सोमवार ते शनिवार बँक आणि रविवारी रग्बी लीगची शिट्टी, अशी माझी लखनौतली बारा वर्षं गेली. या खेळात चेंडू असलेल्या संघाला सलग सहा टॅकल मिळतात, म्हणजे समोरच्यांनी चेंडूवाल्याला धरून पाडलं की एक. सहाव्यांदा पाडलं की चेंडू समोरच्या संघाकडे. मोजायचं काम रेफरीचं.

चिनहटला मुलींची फायनल होती. शेवटच्या मिनिटाला माझी मोजणी चुकली आणि एका संघाला सातवी संधी मिळाली. तिच्यावरच ते जिंकले. कोणी चकार शब्द काढला नाही.

घरी बायकोने चहा देता देता विचारलं, "अहो, आज सात झाले ना?" प्रत्येक मॅचला ती बोटांवर मोजत बसते. मी मनात पुन्हा मोजलं, सातच भरले.

दुसऱ्या दिवशी बँक सुटल्यावर हरलेल्या संघाच्या कॅप्टनकडे, शबनमकडे, महानगर मोहल्ल्यात गेलो. दारातच म्हणालो, "बेटा, ग़लती मेरी थी. वो सातवाँ था."

"जी सर, मालूम है. मैं भी गिन रही थी."

"फिर बोलीं क्यों नहीं? कॅप्टन तो पूछ सकती है!"

"सर, पहले दिन नियम बताते हुए आपने ही सिखाया था, रेफरी से बहस नहीं करते."

आता टॉस झाला की मी दोन्ही कॅप्टनना जवळ बोलावतो आणि सांगतो, "मेरे साथ गिनना. छह पर न रोकूँ, तो चिल्लाना."