पायाखालची ऊब

तातेराव : ...आणि म्हणूनच मी ठामपणे सांगतो, माणसाची उन्नती त्याच्या पायाखालच्या जमिनीवरून ओळखावी. ज्याची जमीन पक्की, त्याचे विचार पक्के!

दीपमाला : बाबा, जमिनीला भोक पडलं.

तातेराव : कुठे?

दीपमाला : तुमच्या डाव्या पायापाशी. सरका, अजून धूर निघून राह्यलाय.

कांताबाई : अगं माय! कालच तर अंथरली. शहागडहून एवढं लोढणं घेऊन आल्ते.

तातेराव : लोढणं नाही, मॅट. दुकानदार म्हणाला, थेट सागवानी फळीसारखी दिसते.

दीपमाला : दिसती तशी. पण हाय प्लास्टिक. मणी करायला काचेची कांडी बर्नरच्या जाळावर धरली का कधीकधी तडकती, तापलेला तुकडा उडतो. आज भोक पडलं. उद्या ही पेटली तर मण्यांचं राहू द्या, घर विझवावं लागंल.

तातेराव : माझा हेतू शुद्ध होता. मुलगी घरात कारखाना काढते आहे, तर निवृत्त मुख्याध्यापकाने निदान जमिनीचं पाहावं. आणि या गुळगुळीत फरशीवर बसून तुझ्या आईचे पाय थंडीत लाकूड होतात. रात्री तेल मला चोळावं लागतं.

कांताबाई : दोनदा चोळलं. तेबी बातम्या बघत. एकदा तर खाटंच्या पायाला चोळून राह्यल्ते.

दीपमाला : आई, मी म्हणते तू खुर्चीवरच बस ना.

कांताबाई : आन् दोरा कुठं बांधू? पाय लांब करून दोरा अंगठ्याला ताणला का मणी बराबर ओवता येतेत. मला असंच येतं. खुर्चीत बसले तर दोरा काय तुझ्या बाबाच्या मिशीला बांधू?

तातेराव : विषयांतर नको. मला उपाय सापडला आहे. माती! छान चोपून घेतलेली, शेणाने सारवलेली जमीन. थंडीत उबदार, उन्हाळ्यात गार. आगीची भीती नाही. आपल्या पूर्वजांनी...

कांताबाई : सारवायची कोणी?

तातेराव : कोणी म्हणजे... आपण.

कांताबाई : आपण म्हणजे मी. माझ्या मायनं जन्मभर लोकांचे ओटे सारवले. मीबी सारवले, लगीन व्हायच्या आधी. या घरात फरशी आली तवा शेणाची पाटी उकिरड्यावर नेऊन फेकली मी. तुम्ही भाषण केल्तं त्या दिवशी, याद हाय का?

तातेराव : काय बोललो होतो?

कांताबाई : हेच. उन्नती आन् जमीन.

दीपमाला : बाबा, माती तशीबी चालत न्हाई. काचेचा चुरा तिच्यात रुतून बसतो, झाडून निघत न्हाई. आईचे पाय उघडे असतेत. मला कोबाच पाहिजे. साधा सिमेंटचा, जरा खरबरीत, म्हणजे पाय घसरत न्हाई. तापला मणी पडला तरी पडू दे. आन् चुरा ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचा.

तातेराव : पण कोबा तर फरशीहून गार!

दीपमाला : मला बूट हायेत. आईला त्रास होणार, म्हणून म्हणते, तिनं आतल्या खोलीत बसावं. ठिणगीपासूनबी लांब. मला तिच्या पायाची धास्ती राहती, मणी वाकडा होतो.

तातेराव : उत्तम! आत पलंग आहे, टीव्ही आहे. मी तिथे हीटर आणून देतो. प्रश्न सुटला.

कांताबाई : मला आत बसायचं न्हाई.

तातेराव : का?

कांताबाई : न्हाई बसायचं.

दीपमाला : आई, हट्ट करू नको. मी गॅसची टाकी बंद करून येते, तोवर तुम्ही ठरवा.

(दीपमाला मागच्या अंगणात जाते.)

तातेराव : कांता, पोरीच्या जिवाला घोर लावतेस. ओवायचंच आहे ना? ते पलंगावरही होईल.

कांताबाई : मला काय मणी ओवायची हौस हाय का? तुम्हाला दिसत न्हाई का काही? पुण्याच्या सासरहून आली तवापासून पोरगी जेवताना बोलती का तुमच्याशी?

तातेराव : भाजी वाढा म्हणते.

कांताबाई : तेवढंच. इथं जाळापुढं बसली का बोलती. मणी फिरवत राहावा लागतो, नजर काढता येत न्हाई. मंग आपल्याकडं बघावं लागत न्हाई तिला. परवा आपणहून राजानंदचं नाव काढलं.

तातेराव : जावयाचं? काय... काय म्हणाली?

कांताबाई : तुम्हाला सांगितलं तर मला पुन्हा कोण सांगंल?

तातेराव : मला कधीच काही बोलली नाही.

कांताबाई : तुम्ही वाक्य संपू देत न्हाई कोणाचं. मी नुसतं हूं म्हणते. आता तुम्ही मला पलंगावर टीव्हीपुढं बसवून राह्यले. तिथं मला ऊब मिळंल हो. तिनं बोलावं कोणाशी? भिंतीशी?

तातेराव : मला वाटलं, तुला नुसता थंडीचा त्रास...

कांताबाई : श्श. आली.

दीपमाला : ठरलं का?

तातेराव : ठरलं. दीपमाला, मी माझा निर्णय मागे घेतो. आई इथेच बसेल.

दीपमाला : आत्ता तर हीटर आणणार होते तुम्ही!

तातेराव : मी विचार केला. आत... टीव्हीच्या उजेडाने डोळे खराब होतात. दोरा ओवणाऱ्या माणसाला ते घातक.

कांताबाई : बिलकुल घातक.

दीपमाला : टीव्ही बंदबी करता येतो, बाबा.

तातेराव : येतो. पण त्यात तत्त्वाचा प्रश्न आहे.

दीपमाला : कोणतं तत्त्व?

तातेराव : ते... ते मी नंतर सांगेन.

दीपमाला : बरं. मलाबी एकटीला करमलं नसतंच इथं. मंग असं करू. कोबा सगळीकडं. तो मागचा लाकडी तक्तपोस आणू, आईसाठी त्या कोपऱ्यात. लाकूड म्हणजे गारवा वर येत न्हाई. त्याच्यावर हसनाबादची घोंगडी.

तातेराव : घोंगडी पेटेल!

दीपमाला : लोकरीची हाय, प्लास्टिकची न्हाई. तिच्यावर एकदा पडला तापला मणी. जळक्या केसावानी वास आला, काळा डाग पडला आन् विझलं. तरी माझ्या अन् आईच्या मधी सिमेंटचा पत्रा उभा करू, कंबरेइतका. तुकडा उडाला तर त्याला लागंल.

कांताबाई : पत्र्याच्या अलीकडं आवाज येईल ना?

दीपमाला : बर्नरचा?

कांताबाई : ...हां. बर्नरचाच.

दीपमाला : येईल, आई. मी जरा मोठ्यानं बोलीन.

तातेराव : वा! कोबा, तक्तपोस आणि घोंगडी! माणसाला पायाखाली आणखी काय हवं? आणि कांता, मी काय म्हणतो, तक्तपोस तसा रुंद आहे. दुपारी मीही तिथे येऊन बसत जाईन म्हणतो. कडेला.

कांताबाई : बसा की. फक्त तेवढं बोलू नका.