साध्या काचेचा चष्मा

हनुवटी वर नको मॅडम, सरळ — सरळ समोर, तक्त्याकडे बघा. फ्रेम जड लागेल जरा, तपासणीचीच आहे ती, ती घालून काही लग्नाला जायचं नाहीये आपल्याला. डावा डोळा मी झाकलाय, उघडाच ठेवा तो, मिटू नका. हं, वाचा वरून. वा! पुढची ओळ? वा, वा — इंग्रजी शिकवणाऱ्याला हा तक्ता वाचायला लावायचा म्हणजे सुताराला रंधा दाखवण्यासारखंच आहे, पण करता काय, रीत आहे. आता ही काच बघा. आणि आता ही. ही की ही? घाई नाही, खरं सांगा म्हणजे झालं. आमचा अख्खा धंदा समोरच्याच्या खरं बोलण्यावर चालतो, मॅडम. मी काही तुमच्या डोळ्यात शिरून बघत नाही — तुम्ही म्हणायचं 'ही', की मी म्हणणार 'ही'. मग लोक खोटं बोलत नाहीत का? बोलतात की! म्हातारे बोलतात, चष्मा वाढायला नको म्हणून — आधीचं गिऱ्हाईक वाचत असतं तेव्हा बाकावर बसून तक्ता पाठ करतात लेकाचे. आणि पोरं बोलतात, चष्मा मिळावा म्हणून. त्या पोरांसाठी एक युक्ती असते. नुसती साधी काच घालायची, खिडकीला असते तसली, नंबर शून्य, आणि ऐटीत विचारायचं, 'आता?' पोरगं म्हणतं, 'आता छान दिसतंय!' — की सापडला चोर. मग मी मोठ्यानं म्हणतो, 'डोळे ठणठणीत, डोक्यालाच नंबर लावा याच्या!' दुकान हसतं, आई-बाप हसतात, पोराचा कान धरून घेऊन जातात. आणि घरी गेल्यावर जेवताना मी तेच पुन्हा सांगतो, नक्कल करून. 'आज एक ढ सापडला.' घरचे हसायचे. सगळेच हसायचे.

मोठ्या शाळेत ना तुम्ही? आठवीचं इंग्रजी तुमच्याकडेच? ...वाटलंच. नाही, सहज विचारलं. एक गोष्ट सांगू का, मी काचा बदलतोय तोवर — माझं एक गिऱ्हाईक आहे, भला माणूस, जरा तोंडाळ आहे, पण मनानं वाईट नाही — म्हणजे त्याला तरी तसं वाटतं. त्याची पोरगी यंदा आठवीत गेली. सातवीपर्यंत गल्लीतल्या शाळेत होती, तिथं इंग्रजीचा तास म्हणजे बाईंनी गाणं म्हणायचं आणि पोरांनी टाळ्या वाजवायच्या. हुशार हो! गणितात कुणाला ऐकायची नाही. बापाची मान ताठ. आणि मोठ्या शाळेत गेली तर काय — बाई फळ्यावर ओळ लिहितात, आणि एकेकानं उभं राहून वाचायची. हिची पाळी आली. उभी राहिली. ओळीत चार शब्द ओळखीचे, बाकी सगळा अंधार. आणि हिच्या तोंडून निघालं, 'दिसत नाही.' ...मी हे नंतर जुळवलंय, मॅडम, मला कुणी सांगितलं नाही. पण असंच झालं असणार. 'येत नाही' म्हणायला एवढ्या वर्गासमोर जीभ रेटत नाही. 'दिसत नाही' म्हणायला काय लागतं? आणि तुम्ही — म्हणजे ज्या कुणी बाई होत्या त्यांनी — मायेनंच तिला पहिल्या बाकावर बसवलं, घरी निरोप धाडला, डोळे तपासून घ्या. झालं! एका शब्दाच्या मागे आता दहा शब्द लावणं आलं.

आणलं तिला इथं, ह्याच खुर्चीत. हीच फ्रेम. 'ही की ही?' तिनं काहीतरी म्हणावं, मी काच बदलावी. दुसरी ओळ बरोबर वाचली, तिसरीपासून चुकवायला लागली. मी आपला काचा वाढवतोय. उणे सव्वावर येऊन थांबलो. साधी काच घालून बघायचं सुचलं नाही का? सुचलं. हातात घेतली होती मी ती काच. परत डब्यात ठेवली. म्हटलं, छे, ही कशाला खोटं बोलेल? दुसऱ्यांची पोरं बोलतात. मग लागला चष्मा. छान फ्रेम निवडली, निळी. आणि मग डोकं दुखायला लागलं तिचं — दुखणारच, ठणठणीत डोळ्यावर कुणाची तरी उणे सव्वाची काच! जिना उतरताना भिंत धरायची. मी म्हणायचो, सवय होईल. सगळ्या गिऱ्हाइकांना म्हणतो तेच. मागच्या आठवड्यात तिची आई म्हणाली, 'अहो, पोरगी जेवता जेवता डोळे मिटून बसते, तुम्ही जरा लक्ष —'

हं.

बरोबर. कुठल्या गिऱ्हाइकाची बायको मला 'अहो' म्हणेल? माझीच ती. पहिल्या बाकावर, खिडकीच्या बाजूला बसते म्हणाली — निळा चष्मा. नाही, फ्रेम काढू नका, राहू द्या, एक डोळा झाकलेलाच राहू द्या. तुमच्याकडे बघून मला हे बोलता यायचं नाही.

परवा रविवारी कळलं. मी दुकान झाडत होतो, ती तिथं पायरीवर बसलेली, चष्मा काढून इथं काउंटरवर ठेवलेला. समोरचं औषधाचं दुकान बंद दिसलं, मी आपलं स्वतःशीच म्हटलं, हा आज बंद कसा? तर ही मान वर करून म्हणते, 'दुपारनंतर उघडणार बाबा, घरी कार्य आहे म्हणून लिहिलंय.' रस्त्याच्या पलीकडे, मॅडम! शटरवर हाताएवढा कागद, पेनानं लिहिलेलं, आपल्या मराठीत. मला माझ्या चष्म्यातून नुसता कागद दिसत होता. मी काउंटरवरच्या चष्म्याकडे बघितलं. तिनं पण बघितलं. मग गुपचूप उठली आणि घातला. मी झाडायला लागलो. झाडलेलंच पुन्हा झाडलं.

काय बोलणार होतो? रागावू? कुठल्या तोंडानं? ती असं का करते हे मला झाडू मारता मारताच कळलं होतं. माझ्याच शेजारी जेवते ना ती. 'आज एक ढ सापडला' — ऐकलंय तिनं, पहिलीत होती तेव्हापासून ऐकलंय. घास हातात धरून हसायची. मग ज्या दिवशी आपल्यालाच येत नाही असं कळलं, त्या दिवशी ती कुणाला सांगणार? मला? अख्ख्या जगाला सांगेल, पण मला नाही सांगणार. लाज वाटते हो. तिची नाही, माझी वाटते. घासून घासून काच चमकवतो मी, लोकांना म्हणतो, बघा कसं लख्ख — आणि स्वतःची पोरगी समोर बसून चाचरत होती, ते दिसलं नाही.

मग काय केलं? त्याच दिवशी ती झोपल्यावर — नाही, आंघोळीला गेली होती — निळ्या फ्रेममधल्या काचा काढल्या आणि साध्या बसवल्या. नंबर शून्य. म्हटलं, निदान डोकं दुखायचं तरी थांबेल. तिला म्हणालो, 'पुसून दिलाय गं, बघ बरं, आता कसं दिसतं?' आणि ती म्हणाली, 'आता छान दिसतंय, बाबा.'

तेच शब्द. ज्यावर मी आजवर दुकान हसवलं तेच.

म्हणून तुमचं नाव ऐकल्यावर म्हटलं — नाही, खरं सांगतो, ठरवून नाही बोललो, तोंडातून गेलं. पण आता गेलंच आहे तर हात जोडतो. तिला उभं करू नका वाचायला. बाजूला घ्या, काय येत नाही ते विचारा. पण माझ्याकडून कळलं असं — काय? काय म्हणालात? ...तुम्हाला माहीत आहे? कुणी सांगितलं? तिनंच? चष्मा आला त्याच आठवड्यात?

डब्याच्या सुट्टीत थांबते? तुमच्यापाशी? ती तर म्हणते मैत्रिणींबरोबर असते. ...आणि वाचते? म्हणजे ओळ, अख्खी? फळ्यावरची? वर्गासमोर! अहो मग — मॅडम, काय सांगताय, अहो मग सोन्यासारखं झालं की! मग ती अजून चष्मा कशाला घालते? तुम्ही सांगितलं नाही तिला, काढून टाक म्हणून?

सांगितलंत. मग?

बोला ना. मी ऐकतोय. ...पुन्हा सांगा. तिच्या शब्दांत सांगा, जसं म्हणाली तसं.

'काढला तर सगळे म्हणतील, बाबांनी चुकीचा नंबर काढला. लोक हसतील बाबांना.'

असं म्हणाली.

डोकं दुखायचं तिचं. भिंत धरून उतरायची.

थांबा, फ्रेम काढतो तुमची. कानाला लागलं का? नाही, ही काच नको नि ती पण नको, उठा. आज नको, मॅडम. माझ्या हातून नको. चौकाच्या पलीकडे तो नवीन माणूस बसतो, त्याच्याकडे जा, चांगला आहे. मीच पाठवलंय म्हणून सांगा त्याला, बिनधास्त सांगा. हसला तर हसू दे. आणि जाताना तेवढं दार लोटून घ्या.