निलेश मिशिगनमध्ये असेपर्यंत

मी वैशाली, नागपूरच्या महाल भागातली. बाबा आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवायचे, कोर्टाची पायरी आमच्या घरात कुणी चढलं नव्हतं. लग्न करून इथं अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला आले, डेकेअरमध्ये मुलं सांभाळते. काय सांगू तुम्हाला ताई, भीती म्हणजे काय ते यंदा कळलं.

निलेशची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नोकरी गेली, व्हिसा वाढवून मिळाला नाही, पुन्हा अर्ज केलेला होता, आणि सरकारी ऑफिसात अपॉइंटमेंटला गेला तो परत आलाच नाही. फोन आला, वैशू, मला आत ठेवलंय, रडू नको. व्हिसाच्या केसेस बघणारे इमिग्रेशनचे जज म्हणाले, याला सोडायचा अधिकार माझ्याकडे नाही. मी आमच्या वकील मीनाबेनना म्हटलं, मग आहे तरी कुणाकडे? त्या म्हणाल्या, डेट्रॉइटच्या फेडरल कोर्टाकडे, म्हणजे केंद्राच्या कोर्टाकडे, पण माणूस ज्या कोर्टाच्या हद्दीत असेल तिथंच सुटकेचा अर्ज करावा लागतो. एकदा अर्ज दाखल झाला की निलेशला हलवलं तरी केस इथंच राहते. आधीच दुसऱ्या राज्यात नेलं, तर तिथं नव्यानं सुरुवात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निलेशचा फोन, वैशू, सामान बांधा म्हणून राहिले, बस उभी आहे. मी डेकेअरमध्ये होते, कडेवर कुणाचं तरी बाळ होतं, ते आधी दुसऱ्या टीचरकडे दिलं आणि मीनाबेनना फोन लावला. मीनाबेन म्हणाल्या, अर्ज तयार आहे, बायको म्हणून तू सही कर. पार्किंगमध्ये उभं राहून फोनवर बोटानं सही केली, आणि मग नुसती वाट बघितली. दोन तासांनी ऑर्डर आली, या माणसाला हद्दीबाहेर नेऊ नका. निलेशला बसमधून नाव पुकारून उतरवलं. बाकीचे खिडकीतून बघत होते म्हणे. तो ते अजून सांगतो.

डेट्रॉइटच्या कोर्टात सुनावणीला जजबाई शांतपणे म्हणाल्या, यांनी या देशात राहावं की नाही हे मी ठरवू शकत नाही, जामिनाची सुनावणी न घेता यांना कोंडून ठेवता येतं का, एवढंच मी बघू शकते.  मग त्यांनी निकाल दिला, ठेवता येत नाही, सात दिवसांत जामिनाची सुनावणी घ्या. ती झाली, निलेश जामिनावर घरी आला.

मूळ केस त्या इमिग्रेशनच्या कोर्टात चालूच आहे. दारावरची बेल वाजली की आम्ही जेवता जेवता एकमेकांकडे बघतो, पुन्हा न्यायला तर आले नाहीत ना? तुमच्या दारात मात्र कायम पाहुणेच येवोत, ताई.