जपानी नटाचं सुतक

तुम्हाला खोटं वाटेल, पण आमच्या आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एका जपानी नटाचं सुतक धरलं होतं.

हिंदी आवाज दिलेले त्याचे सिनेमे त्या मोबाइलवर पाहायच्या. तो तलवारवाला जवान होता तेव्हापासून पिकल्या केसांचा बाप झाला तोवरचे सगळे.

माझ्या बाळाच्या उष्टावणाच्या दिवशी सकाळीच त्यांना अधारतालच्या मैत्रिणीचा फोन आला, तो वारला म्हणून. आई म्हणाल्या, "आज शुभकार्य नको. दहा दिवस थांबा."

बाळाचं वजन वाढत नव्हतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की आता वरणभात सुरू कराच. पहिला घास भरवायला माझा भाऊ नागपूरहून जबलपूरला आलेला, संध्याकाळी परत जाणार.

मी म्हटलं, "आई, तो आपला कोण लागतो?"

"सख्ख्या भावाला पाहिलं नाही इतकं त्याला पाहिलं मी. काहून नाही धरायचं?"

आमच्या यांनी मोबाइलवर शोधलं. "आई, त्याला जाऊन सहा वर्षं झाली."

आई म्हणाल्या, "अच्छा? मग उशिरा कळलं तर नुसती आंघोळ पुरते." डोक्यावरून पाणी घेऊन आल्या आणि खीर स्वतःच ढवळायला बसल्या. बाळाने मामाच्या हातून चार घास खाल्ले.

जेवणं आटोपताच आईंनी मोबाइलवर त्याचा अर्धा राहिलेला सिनेमा लावला. भाऊ म्हणाला, "मावशी, तो तर वारला ना?"

"वारला रे. पण पोरीचं लग्न करून वारला की नाही, ते तर पाहू दे."