डॉक्टरांचा चेंडू कुठे पडला

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे वकीलसाहेब; आजचे सत्कारमूर्ती डॉक्टर; त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या कन्या; क्लबचे चिटणीस; आणि आमच्या संथ खेळामुळे दर रविवारी ताटकळत उभे राहणारे मागच्या गटातले सगळे सोशिक सभासद, बंधू आणि भगिनींनो,

चिटणीसांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. पस्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला पाच मिनिटं नुसता फळा पुसायला लागतात. तरी बघतो.

डॉक्टरांची आणि माझी ओळख माझ्या एका दाढेमुळे झाली. त्यांनी दाढ काढली, तोंडात कापसाचा बोळा कोंबला आणि हात धुता धुता विचारलं, "रविवारी सकाळी काय करता मास्तर?" मला बोलता येत नव्हतं. त्यांनी तो गोल्फला होकार धरला. एकोणीस वर्षं झाली त्याला. वकीलसाहेब आमच्यात आधीपासून होतेच. चेंडू पाण्यात गेला तरी तो गेला नाही असा युक्तिवाद करणारे, त्यामुळे त्यांच्याबद्दल मी अधिक बोलत नाही. अध्यक्षांच्या हातात घंटा आहे.

आम्ही तिघं कसे खेळतो हे तुम्हाला सांगायला नको. नऊ होल खेळायला आम्हाला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तरुण मंडळी अठरा संपवून, अंघोळ करून, वर आमची चेष्टा करायला बाहेर येऊन बसतात. मी तर एकोणीस वर्षांत जेवढं सुधारायला हवं होतं तेवढा बिघडलो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. वाऱ्यापासून बुटांच्या नाडीपर्यंत सगळ्यांना दोष देऊन झालाय. पण माझे डोळे मात्र अजून शाबूत आहेत. चेंडू कुठे पडला हे मला लांबून बरोबर दिसतं. डॉक्टरांचं अगदी उलट. मारतात सुरेख, पण गेली चार वर्षं त्यांना चेंडू दिसत नाही.

हे सभागृहात किती जणांना माहीत होतं? हात वर करू नका, मला अंदाज आहे.

सुरुवातीला ते नुसतं म्हणायचे, "ऊन फार आहे, जरा लक्ष ठेवा." मग लक्ष ठेवायचं हे माझं कामच झालं. त्यांनी मारलं की मी सांगायचं, "अकरा वाजता, दीडशे पावलं." घड्याळाचा काटा जिकडे दाखवेल तिकडे ते चालायला लागायचे. मी बरोबर. वकीलसाहेब मागून काहीतरी पुटपुटत. त्या दीडशे पावलांत आम्ही जे बोललो ते मी कुणाशी बोललो नाही. माझ्या मुलाचं लग्न मोडलं ते मी बायकोच्या आधी डॉक्टरांना सांगितलं. वहिनी गेल्या त्यानंतरच्या रविवारी डॉक्टर आले, तिसऱ्या होलपर्यंत खेळले आणि म्हणाले, "घरी फार शांतता आहे हो." मी म्हटलं, "चला, अजून सहा आहेत." याहून शहाणपणाचं काही मला सुचलं नव्हतं.

आता एक कबुली. चेंडू उंच गवतात गेलेला असला की मी पुढे होऊन बुटाच्या टोकाने तो हळूच बाहेर काढत असे. डॉक्टर पोचेपर्यंत तो छान कापलेल्या गवतावर बसलेला असायचा. हा नियमभंग आहे, चिटणीसांनी टिपून घ्यावं. मला वाटायचं, त्यांना कुठे कळतंय? एकदा ते चेंडूपाशी उभे राहून म्हणाले, "मास्तर, माझा चेंडू अलीकडे फारच सुशील झालाय." मी आभाळाकडे बघितलं. ते हसले आणि खेळले. मग आम्ही दोघांनी तो विषय कधी काढला नाही.

इथपर्यंतचं भाषण मी वकीलसाहेबांना वाचून दाखवलं होतं. पुढचं दाखवलेलं नाही.

चार महिन्यांपूर्वी खेळ झाल्यावर डॉक्टर मला त्यांच्या गाडीतून घरी सोडत होते. फाटकाबाहेरच्या वळणावर एक बाई लेकराचा हात धरून रस्ता ओलांडत होती. डॉक्टरांनी वेग कमी केला नाही. मी ओरडलो, त्यांनी ब्रेक दाबला. गाडी आणि त्या लेकरामध्ये हातभर अंतर राहिलं. डॉक्टर म्हणाले, "उन्हामुळे दिसलंच नाही बघा." त्या दिवशी ढगाळ होतं.

त्या दुपारी मी जेवलो नाही. बायको म्हणाली, "काय झालंय?" तिलाही सांगितलं नाही. चार वर्षं मी त्यांना चेंडू दिसत असल्याचं नाटक त्यांच्याबरोबर केलं होतं. ते लेकरू गेलं असतं तर त्यात माझाही वाटा होता. संध्याकाळी मी डॉक्टरांच्या लेकीला फोन केला.

होय डॉक्टर. तो फोन मीच केला.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. ताई आल्या, तपासण्या झाल्या, डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला, गाडीची किल्ली गेली, आणि परवा डॉक्टर त्यांच्यासोबत कायमचे चाललेत. ताईंनी माझं नाव आजवर सांगितलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. माझा लहानपणाही ऐका. त्यानंतरच्या रविवारी डॉक्टर मला म्हणाले होते, "कुणीतरी चहाडी केली मास्तर. सापडला तर सोडणार नाही त्याला." आणि मी म्हटलं होतं, "कोण असेल बरं?" एवढं बोलून त्यांना चेंडू दाखवला. एक वाजता, ऐंशी पावलं.

ताई, तुम्ही मान हलवताय, मला दिसतंय. पण हे आज बोललो नाही तर मला पुढे बोलायला कुणी उरणार नाही.

मला वाटलं होतं, ताई येतील, किल्ली काढून घेतील, बाकी सगळं होतं तसं राहील. मी आनंदाने रोज त्यांना सोडायला-आणायला गेलो असतो. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. तरी पुन्हा ती वेळ आली तर मी पुन्हा फोन करेन, आणि पुन्हा असाच रडेन. लोक मला समजावतात, वकीलसाहेब आहेत की, दोघं खेळा. वकीलसाहेब स्वतःचा चेंडू स्वतः शोधतात, आणि सापडला नाही तरी सापडल्याचं सिद्ध करतात. त्यांना माझ्या डोळ्यांचं काय काम?

घंटा वाजली, ऐकली. आवरतो.

क्लबने हा समारंभ केला, चिटणीसांनी मला बोलू दिलं, तुम्ही सगळ्यांनी चुळबुळ न करता ऐकलंत, याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं, ही विनंती.

डॉक्टर, तुम्हाला मात्र ती विनंती नाही. तुम्ही मोठ्या मनाचे आहात. आत्ता लगेच माफ कराल, पाठीवर हात ठेवाल आणि परवा निघून जाल. तसं करू नका. राग धरा. तिकडे गेल्यावर तो उसळून येऊ दे, आणि मला फोन करून चांगलं तासभर भांडा. रविवारी सकाळी करा. मी घरीच असेन.