'सरळ केले'

आजच्या समारंभाचे अध्यक्ष संचालक महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती विभागप्रमुख सर, त्यांच्याशेजारी बसलेल्या मॅडम, आणि समोर जमलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला दोन मिनिटं दिली आहेत. सरांच्या हाताखाली मी बावीस वर्षं आलेख काढले, तेव्हा चार घेतली तर अध्यक्षांनी घंटी वाजवू नये, ही विनंती.

आत्ताच मानपत्र वाचून झालं. 'सरांच्या कारकिर्दीत या विभागातून एकही चुकीचा अहवाल बाहेर गेला नाही.' काय भाषा! टाळ्याही छान पडल्या. मी वाजवल्या नाहीत; माझ्या हातात ही वही होती.

पाहुण्यांसाठी सांगते, आमचं काम काय. माणसाच्या डोक्यावर तारांची टोपी बसवायची, चित्रं दाखवायची आणि नावं सांगायला लावायची. मेंदूची कुठली बाजू बोलण्याच्या कामाला लागते, ते आलेखावर उमटतं. बहुतेकांची डावी लागते. थोड्या माणसांची मात्र उजवी असते, अगदी जन्मापासून, आणि त्यात आजार काही नसतो. दोन सख्ख्या भावंडांची नाकं सारखी नसतात, मग मेंदू तरी का असावेत? पण सरांना हे कोण सांगणार! उजवीकडचा आलेख आला की सर म्हणायचे, "तारा उलट लागल्यात. सरळ करा." मग आम्ही डाव्या-उजव्याची अदलाबदल करायचो आणि वहीत बारीक अक्षरात लिहायचो, 'सरळ केले'. नव्या मुलींना ही शिस्त मीच शिकवली.

चार वर्षांपूर्वी आमच्या तपासणीच्या खुर्चीत माझा दादा बसला. आपल्या भांडाराचा प्रमुख. तोवर या सभागृहातल्या प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन तुम्ही त्याच्याच तोंडून ऐकत होतात. त्याच्या मेंदूत उजव्या बाजूला गाठ होती. सर्जननी विचारलं होतं, इथे हात घातला तर बोलणं शाबूत राहील का? टोपी मी बसवली, तारा तीनदा तपासल्या. आलेख उजवीकडे आला.

मी म्हटलं, "सर, तारा जागच्या जागी आहेत."

"अहो बाई, आजवर असं एकदा तरी झालंय का आपल्याकडे?"

नव्हतं झालं. होईल कसं, सर? झालं की तुम्ही सरळ करायला लावत होतात!

आणि सरळ मी केलं. सख्ख्या भावाचं, याच हाताने. अहवाल गेला, बोलणं डावीकडे, उजवी बाजू मोकळी. माझा वाटा मी कुणावर ढकलत नाही. तुमचा तुम्ही अजून तारांवर ढकलताय, त्याचा मला संताप येतो.

दादा तिसऱ्या रांगेत बसलाय, वहिनीशेजारी. शस्त्रक्रियेनंतर त्याच्याकडे एकच शब्द उरला, 'बरोबर'. भूक लागली तरी बरोबर, दुखलं तरी बरोबर. सर फळं घेऊन भेटायला गेले होते, केवढं मोठं मन! त्यांनी विचारलं, "आमच्याकडून काही चुकलं नाही ना?" दादा म्हणाला, "बरोबर." दुसऱ्या दिवशी सरांनी चौकशी समितीला लिहून दिलं की रुग्णाची काही तक्रार नाही.

सर, चष्मा नंतर पुसा. या वहीत 'सरळ केले' अशा आणखी अकरा नोंदी आहेत. अकरा माणसं आपला खोटा कागद घरी जपून ठेवून हिंडतायत. उद्या त्यांच्यापैकी कुणाचं डोकं उघडायची वेळ आली, तर सर्जन तोच कागद बघतील. त्यांना परत बोलावण्याचं पत्र मी तीनदा टाईप केलं आणि तीनदा ते तुमच्या टेबलावरून नाहीसं झालं. चौथं तुमच्यासमोर आहे, गुच्छाच्या खाली. त्यावर विभागप्रमुखाची सही लागते. उद्यापासून येणारे साहेब तुमचेच विद्यार्थी, ते तुमच्या अहवालाला हात लावायचे नाहीत. तुमची सही साडेपाचला संपते. आत्ता पाच वाजून दहा मिनिटं झाली आहेत, आणि पेन विभागाने तुम्हाला आत्ताच भेट दिलंय.

आयोजकांचे आभार. माझं नाव वक्त्यांच्या यादीत घालणाऱ्या कारकूनबाईंचे विशेष आभार. मी काय बोलणार हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभेने पोटात घालावं.

आणि सर, सही न करता खाली उतरलात, तर वाटेत तिसरी रांग लागेल. दादाला विचारू नका, मी केलं ते ठीक ना म्हणून. तो काय म्हणेल, ते तुम्हाला माहीत आहे.